बंटिंग : निशाणाचे कापड आणि शेतातला पक्षी

इंग्रजीतील ‘बंटिंग’ या शब्दाचे दोन ठळक अर्थ आहेत. पहिला अर्थ निशाणे शिवण्याच्या हलक्या, झिरझिरीत लोकरी कापडाचा; त्यावरून पुढे निशाणांच्या आणि पताकांच्या माळांनाही हेच नाव मिळाले. दुसरा अर्थ जाड, आखूड चोचीच्या, दाणे टिपणाऱ्या एका पक्षीगटाचा. मराठीत या पक्ष्यांना भारीट म्हणतात. दोन्ही शब्दांचे लिखाण आणि उच्चार तंतोतंत जुळतात, त्यामुळे त्यांचे मूळही एकच असावे असा समज सहज होतो. कोशांतला पुरावा मात्र वेगळे सांगतो. पक्ष्याचे नाव इ. स. १३०० च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेले सापडते. कापडाचे नाव थेट अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येते. मधल्या चारशे वर्षांत या दोहोंना जोडणारा कोणताही दुवा नाही. हे दोन स्वतंत्र शब्द आहेत आणि त्यांचा इतिहासही स्वतंत्रपणेच पाहावा लागतो.

जुना शब्द पक्ष्याचा. मध्ययुगीन इंग्रजीत तो ‘बाउंटिंग’च्या जवळपास जाणाऱ्या रूपात लिहिला जाई आणि त्याचा रोख मुख्यतः धान्याच्या शेतात राहणाऱ्या, चंडोलासारख्या दिसणाऱ्या एका मातकट, गुबगुबीत पक्ष्याकडे होता. आज शास्त्रीय नावाने हा पक्षी ‘एम्बेरिझा कॅलँड्रा’ म्हणून ओळखला जातो. चंडोल आणि बंटिंग यांत लोकांची गल्लत होई, इतकी की शेक्सपिअरच्या ‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’ या नाटकातही माणूस ओळखण्यात झालेल्या चुकीसाठी याच जोडीचा आधार घेतलेला आहे.

या नावाच्या उगमाबद्दल दोन मते विचारात घेण्यासारखी आहेत. एक मत पक्ष्याच्या बांध्याकडे बोट दाखवते. स्कॉटिश बोलीत ‘बंटिन’ म्हणजे आखूड आणि जाडजूड. वेल्श भाषेत ‘बाँटिन’ म्हणजे ढुंगण. गुटगुटीत पक्ष्याला असे नाव पडणे ग्रामीण बोलीच्या स्वभावाला धरून आहे. लहान मुलांना लाडाने ‘बेबी बंटिंग’ म्हणण्याची रीत सतराव्या शतकात दिसते, तीही याच मताला बळ देते. गोंडस, गुबगुबीत बाळासाठीच तो शब्द वापरला जाई. दुसरे मत पिसांच्या रंगाकडे वळते. जर्मनमध्ये ‘बुंट’ आणि डचमध्ये ‘बाँट’ म्हणजे ठिपकेदार, रंगीबेरंगी. धान्यशेतातल्या बंटिंगच्या छातीवर गडद रेघोट्या असतात हे खरे, परंतु रंगांसाठी नजरेत भरावा असा हा पक्षी नाही. शिवाय या अर्थाचा शब्द जुन्या इंग्रजीत कुठे नोंदलेला नाही, तो होता असे गृहीत धरावे लागते. त्यामुळे बांध्यावरून नाव पडले हे मत अधिक पटते. बंटिंग हे आडनावही इंग्लंडमध्ये मध्ययुगापासून चालत आले आहे. १७९२ मध्ये बेलफास्ट येथे आयर्लंडमधील जुने हार्पवादक एकत्र जमले, तेव्हा त्यांच्या चाली लिहून घेणारा तरुण संगीतकार एडवर्ड बंटिंग होता. लोप पावत चाललेल्या आयरिश संगीताचा मोठा ठेवा त्याच्यामुळे टिकला.

निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअसने १७५८ मध्ये या पक्ष्यांसाठी ‘एम्बेरिझा’ ही प्रजाती ठरवली. हे नाव जर्मन बोलीतल्या ‘एम्ब्रिट्झ’ या शब्दाचे लॅटिन रूप आहे. आजच्या वर्गीकरणात या प्रजातीत चाळीसहून अधिक जाती येतात आणि त्या सर्व युरोप, आशिया व आफ्रिकेतल्या आहेत. अमेरिकेत गेलेल्या इंग्रज वसाहतकारांनी मात्र तिथल्या अनेक अनोळखी पक्ष्यांना आपल्या गावच्या पक्ष्यांचीच नावे दिली. त्यातून इंडिगो बंटिंग, पेंटेड बंटिंग, लाझुली बंटिंग ही नावे आली. हे पक्षी प्रत्यक्षात कार्डिनल कुळातले आहेत. कोलोरॅडोचा राज्यपक्षी असलेला लार्क बंटिंग अमेरिकी चिमण्यांच्या कुळात पडतो. ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशात घरटे करणारा स्नो बंटिंग आणखी तिसऱ्याच कुळात जातो. थोडक्यात, हे लोकव्यवहारातले नाव आहे आणि वर्गीकरणाच्या चौकटीत ते नीट बसत नाही.

या नावाच्या पक्ष्यांपैकी विज्ञानाच्या इतिहासात सर्वांत मानाचे स्थान इंडिगो बंटिंगला मिळाले. स्थलांतराच्या हंगामात पिंजऱ्यातले पक्षी रात्री ठराविक दिशेने झेपावू पाहतात. अमेरिकी शास्त्रज्ञ स्टीफन एम्लेन यांनी १९६० च्या दशकात तारांगणात या पक्ष्यांवर प्रयोग केले. नरसाळ्याच्या आकाराच्या पिंजऱ्याच्या तळाशी शाईचा पॅड आणि उतरत्या भिंतींना टीपकागद, अशी साधी योजना होती. पक्षी ज्या दिशेला उड्या घेई त्या दिशेच्या कागदावर पायांचे ठसे उमटत. तारांगणातले आकाश फिरवले की ठशांची दिशाही फिरे. पुढे एम्लेन यांनी काही पिल्लांना काक्षी ताऱ्याभोवती फिरणारे खोटे आकाश दाखवून वाढवले. ती पिल्ले मोठी झाल्यावर काक्षीलाच उत्तर मानून दिशा ठरवू लागली. आकाशाचा न हलणारा बिंदू कोणता, हे पक्षी पिल्लूपणात पाहून शिकतो, हा या प्रयोगांचा निष्कर्ष होता.

महाराष्ट्राशी या पक्ष्यांचे नाते थेट शेतातले आहे. काळ्या डोक्याचा भारीट आग्नेय युरोप आणि पश्चिम आशियात वीण करतो, तर लाल डोक्याचा भारीट मध्य आशियात. हिवाळ्यात दोन्ही जाती भारताच्या पश्चिम आणि मध्य भागात उतरतात. दख्खनच्या पठारावर रब्बीची ज्वारी दाण्यावर येते तेव्हा त्यांचे मोठे थवे कणसांवर बसलेले दिसतात. नराचे पोट पिवळेधमक असल्याने असा थवा एकदम उडाला की ज्वारीचे शेत क्षणभर पिवळे होऊन जाते. शेतकऱ्याच्या लेखी हा पाहुणा नुकसान करणाराच. माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकण्याच्या कामात भारीटांचा वाटा बराच असे. मार्च-एप्रिलपर्यंत हे थवे परततात. राखी मानेचा भारीट हाही हिवाळी पाहुणा; तो मात्र खडकाळ, झुडपी माळरान पसंत करतो. डोक्यावर टोकदार तुरा असलेला, काळ्या अंगाचा आणि तांबूस पंखांचा तुरेवाला भारीट भारतातच वीण करतो. त्याचा वावर मुख्यतः डोंगरउतारांवर असतो.

या कुळातल्या दोन जातींवर माणसाच्या जिभेमुळे संकट आले. ऑर्टोलन बंटिंग फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात पकडून, धान्य चारून पुष्ट करून खाल्ला जाई. तिथे १९९९ पासून त्याच्या शिकारीवर बंदी आहे. पिवळ्या छातीचा भारीट एकेकाळी फिनलंडपासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत अमाप संख्येने आढळे. चीनमध्ये तो ‘भातपक्षी’ म्हणून खाण्यासाठी पकडला जातो. १९९७ मध्ये तिथे बंदी आली तरी चोरटी पकड थांबली नाही, आणि २०१७ मध्ये या पक्ष्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून करावी लागली. चाळीस वर्षांपूर्वी जो पक्षी सर्वत्र होता तो इतक्या लवकर या यादीत जावा, ही फार दुःखाची गोष्ट आहे.

कापडाचा इतिहास वेगळ्या वाटेने येतो. सतराव्या शतकातल्या इंग्रजी आरमारी कागदपत्रांत निशाणाच्या कापडाला ‘ब्यूपर्स’ असा शब्द आहे, बंटिंग नव्हे. आरमाराच्या कारभारात काम करणाऱ्या सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीतही १६६० च्या दशकात याच कापडाचे उल्लेख येतात. त्याच्या जागी हिंदुस्थानातून येणाऱ्या सुती कॅलिकोची निशाणे वापरून पाहण्याच्या व्यवहारात पीप्स स्वतः गुंतलेला होता. कालिकतच्या नावाने ओळखले जाणारे हे कापड त्या काळी इंग्रजांच्या गलबतांवरही फडकले. तरी आरमाराचे नेहमीचे कापड लोकरीचेच राहिले. त्याच काळात ‘टॅमी’ नावाचे एक पातळ लोकरी कापड इंग्लंडमध्ये विणले जात होते आणि कॉव्हेंट्री शहर त्यासाठी प्रसिद्ध होते. गरम दाब देऊन त्याला चकाकी आणत. बंटिंग हे याच टॅमीच्या जातीचे कापड. पुढे सफक परगण्यातले सडबरी हे गाव जहाजांच्या निशाणांचे बंटिंग विणण्यासाठी नावारूपाला आले.

लोकर निवडण्यामागे समुद्रावरचा अनुभव होता. लांब तंतूंची लोकर विंचरून, तिचे घट्ट पिळाचे सूत काढून, ताणा-बाणा विरळ ठेवून हे कापड विणले जाई. विरळ विणीतून वारा आरपार जातो, त्यामुळे निशाण मंद वाऱ्यातही उलगडते आणि वादळात चटकन फाटत नाही. पाणी निथळून जाते, कापड लवकर सुकते. लोकर रंग चांगला धरते आणि सहजासहजी पेट घेत नाही. तोफा, दारूगोळा आणि डांबर यांच्या सान्निध्यात हा गुण फार मोलाचा होता.

कापडाला हे नाव का पडले, याची सर्वांत सबळ वाटणारी उपपत्ती स्वयंपाकघरातून येते. मध्ययुगीन इंग्रजीत ‘बाँटेन’ म्हणजे पीठ चाळणे, आणि इंग्लंडच्या काही बोलींत ‘बंट’ हे क्रियापद याच अर्थाने टिकून होते. मराठीत बारीक पिठाला किंवा चूर्णाला वस्त्रगाळ म्हणतात; तसेच वस्त्रगाळ करण्याचे विरळ कापड म्हणजे बंटिंग, असा हा अर्थ. शेजारच्या भाषा या मताला चांगला आधार देतात. फ्रेंचमध्ये निशाणाच्या कापडाला ‘एतामिन’ म्हणतात आणि गाळण्याच्या कापडालाही तोच शब्द आहे. टॅमीचे कापड इंग्रजी स्वयंपाकघरात सूप आणि रस्से गाळण्यासाठी वापरले जाई. म्हणजे एकाच विणीचे कापड गिरणीत, मुदपाकखान्यात आणि डोलकाठीवर अशा तिन्ही ठिकाणी होते, आणि नाव एका कामावरून दुसऱ्या कामाकडे सरकले. रंगीबेरंगी या अर्थाच्या जर्मन ‘बुंट’वरून नाव आले असे मानणारेही आहेत. त्या मताला आकर्षण आहे, कारण निशाणे रंगीत असतातच. पण विणकर आणि व्यापारी कापडाला नाव देतात ते त्याच्या विणीवरून, सुतावरून, गावावरून किंवा उपयोगावरून. म्हणून चाळणीचे मूळ अधिक विश्वासार्ह ठरते. शिडाच्या फुगलेल्या मधल्या भागालाही इंग्रजीत ‘बंट’ म्हणतात आणि ते शीड वर ओढणाऱ्या दोरीला ‘बंटलाइन’. जहाजावर हे शब्द कानावर पडत असले तरी निशाणाच्या कापडाशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. गव्हाच्या काणी रोगाचे ‘बंट’ हे नावही वेगळेच. कर्नाल बंट म्हणून तो आपल्या शेतकी खात्यांच्या परिचयाचा आहे.

या कापडाच्या पन्ह्याने ब्रिटिश निशाणांचा आकार ठरवला, ही त्याच्या इतिहासातली सर्वांत लक्षणीय गोष्ट. आरमारात निशाणाची उंची फुटांत सांगत नसत. किती ‘पट्ट्यांचे’ निशाण, असे सांगत. कापडाचा पन्हा मधोमध कापून होणारा अर्धा भाग म्हणजे एक पट्टी. लांबीचा नियम असा की प्रत्येक पट्टीमागे अर्धा यार्ड, म्हणजे १८ इंच लांबी धरायची. पीप्सच्या काळात, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पट्टी ११ इंचांची होती. त्यामुळे निशाणाचे प्रमाण ११:१८ येई. अठराव्या शतकाच्या आरंभी पट्टी १० इंचांवर आली आणि प्रमाण ५:९ झाले. एकोणिसाव्या शतकात ती ९ इंचांची झाली. लांबीचा नियम तोच राहिला, म्हणून प्रमाण आपोआप १:२ झाले. कोणी सौंदर्यदृष्टीने ठरवल्याशिवाय, मागाच्या पन्ह्यामुळे निशाण लांबट होत गेले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांसारख्या देशांच्या ध्वजांत आजही दिसणारे १:२ हे प्रमाण याच आरमारी परंपरेतून आले आहे.

निशाणे शिवण्याचे काम बंदरांवरच्या सरकारी गोद्यांत चाले. चॅटहॅमच्या गोदीतली शिडे आणि निशाणांची इमारत १७२३ मधली आहे. तिथे निशाणे शिवण्यासाठी बायकांना कामावर घेत, आणि त्यांत खलाशांच्या व सैनिकांच्या विधवा पुष्कळ असत. या निशाणांवर लढाया अवलंबून असत. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या लढाईपूर्वी ब्रिटिश नौसेनापती नेल्सनने ताफ्याला दिलेला ‘प्रत्येकाने आपले कर्तव्य करावे अशी इंग्लंडची अपेक्षा आहे’ हा प्रसिद्ध संदेश बारा खेपांत निशाणे चढवून पोचवला गेला. आरमारी अधिकारी पॉपहॅम याच्या सांकेतिक कोशात अंकांच्या निशाणांनी शब्द दाखवता येत. नेल्सनने आधी सुचवलेला ‘विश्वास आहे’ या अर्थाचा शब्द कोशात नव्हता. तो अक्षरागणिक दाखवावा लागला असता. म्हणून निशाणांचा अधिकारी जॉन पास्को याने ‘अपेक्षा आहे’ या अर्थाचा, कोशात असलेला शब्द सुचवला आणि नेल्सनने तो मान्य केला. संदेशातला ‘कर्तव्य’ हा शब्दही कोशात नसल्याने त्याची चार अक्षरे एकेक करून चढवावी लागली. ब्रिटिश आरमारात निशाणे हाताळणाऱ्या खलाशाला ‘बंट्स’ किंवा ‘बंटिंग टॉसर’ म्हणत. हे टोपणनाव कापडावरूनच पडले.

इंग्लंडशी लढणाऱ्या अमेरिकेला निशाणासाठी कापड इंग्लंडचेच घ्यावे लागे. १८१३ मध्ये बाल्टिमोरच्या मेरी पिकर्सगिल यांनी मॅकहेन्री किल्ल्यासाठी ३० फूट उंच आणि ४२ फूट लांब निशाण शिवले. त्याचे पट्टे इंग्लिश लोकरी बंटिंगचे होते आणि तारे सुती. कामाचे बिल ४०५ डॉलर ९० सेंट झाले. पुढच्या वर्षी ब्रिटिश तोफांच्या माऱ्यानंतर हेच निशाण किल्ल्यावर फडकताना पाहून अमेरिकेच्या राष्ट्रगीताचे शब्द लिहिले गेले. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. वर्षानुवर्षे तुकडे कापून दिल्यामुळे त्याची लांबी ३४ फुटांवर आली आहे. यादवी युद्धानंतर जनरल बेंजामिन बटलर यांच्या पुढाकाराने मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल येथे बंटिंगचा कारखाना उभा राहिला, आणि अमेरिकी कापडाचे अमेरिकी निशाण १८६० च्या दशकात प्रथमच वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवर चढले.

कापडाचे नाव कापडाच्या वस्तूला लागणे भाषेत नेहमीचे आहे. बंटिंग म्हणजे आधी कापड, मग त्याची निशाणे, आणि शेवटी शोभेसाठी लावलेल्या छोट्या निशाणांची माळ. माळेची कल्पना जहाजांवरूनच आली असावी. समारंभाच्या दिवशी जहाजाच्या नाळेपासून डोलकाठ्यांवरून वरामापर्यंत संकेतनिशाणांची रांग चढवण्याची रीत अजून पाळली जाते; प्रजासत्ताक दिनी मुंबई बंदरात नांगरलेल्या युद्धनौकाही अशाच सजतात. या रांगेत संदेश नसतो; फक्त रंगांची मांडणी पाहिली जाते. एकोणिसाव्या शतकात राजघराण्यातले सोहळे साजरे करताना ब्रिटनच्या रस्त्यांवर अशा माळा लागू लागल्या, आणि १८९७ च्या व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवानंतर तर त्या प्रत्येक सार्वजनिक उत्सवाचा भाग बनल्या. महाराष्ट्रात सुतळीला खळ लावून कागदी पताका चिकटवण्याची, त्या माळा गल्लीत आणि मांडवात बांधण्याची रीत दिसायला यासारखीच आहे. पताका हा शब्द आणि देवळांवरच्या, दिंड्यांतल्या पताकांची परंपरा मात्र त्याहून पुष्कळ जुनी आणि पूर्णपणे इथली आहे. उत्तर अमेरिकेत बाळाला गुंडाळण्याच्या उबदार पिशवीलाही बंटिंग म्हणतात. त्यामागे कापडापेक्षा ‘बेबी बंटिंग’ हा जुना लाडका शब्द असावा.

भारतात हा शब्द राष्ट्रध्वजाच्या नियमांत येऊन स्थिरावला. संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी तिरंगा स्वीकारला. स्वतंत्र भारताने ठरवलेले पहिले औद्योगिक मानक, भारतीय मानक क्रमांक १, राष्ट्रध्वजासाठीच होते. ते १९५१ मध्ये निघाले आणि १९६४ मध्ये मेट्रिक मापांनुसार सुधारले गेले. ध्वजाचे प्रमाण ३:२ ठरले, म्हणजे ब्रिटिश आरमाराचे लांबट माप इथे घेतले नाही. २००२ च्या ध्वजसंहितेत ध्वज हातसुती, हातमागावर विणलेल्या सुती, लोकरी किंवा रेशमी ‘खादी बंटिंग’चा असावा असे म्हटले होते. इथे शब्दाने कात टाकलेली दिसते: मूळचे इंग्लिश लोकरी कापड मागे पडून, बंटिंग म्हणजे निशाणाच्या अंगाचे कापड एवढाच अर्थ उरला. त्याच्या जोडीला ‘खादी डक’ नावाचे जाड, मातकट रंगाचे कापड लागते. काठीकडच्या बाजूच्या पट्टीसाठी ते वापरतात आणि त्यातून दोरी ओवतात.

ध्वजाच्या खादीची केंद्रे उत्तर कर्नाटकात आणि मराठवाड्यात आहेत. धारवाड आणि बागलकोट जिल्ह्यांत कापड विणले जाते आणि हुबळीजवळच्या बेंगेरी येथे कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ ध्वज तयार करतो. हा संघ १९५७ मध्ये स्थापन झाला. महाराष्ट्रात नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती हे काम करते आणि त्यासाठीचे कापड उदगीरला विणले जाते. सूतकताई, विणकाम, रंगकाम, अशोकचक्राची छपाई, शिलाई आणि दोरी बसवणे या प्रत्येक टप्प्यावर तपासणी होते. मापात, रंगाच्या छटेत किंवा धाग्यांच्या संख्येत फरक निघाला तर माल परत जातो. इतक्या काटेकोर कामावर या भागांतल्या शेकडो कुटुंबांची, विशेषतः सूत कातणाऱ्या बायकांची, मजुरी उभी आहे.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली. त्यानुसार यंत्रावर तयार केलेले कापडही चालते, आणि सूत, लोकर, रेशीम, खादी यांच्या जोडीला पॉलिएस्टर बंटिंगलाही मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, घरोघरी ध्वज लावण्याच्या मोहिमेसाठी यंत्रमागाचे पॉलिएस्टर ध्वज मोठ्या प्रमाणात बाजारात आले. ते स्वस्त होते आणि लवकर तयार होत. हुबळी आणि नांदेडच्या खादी संस्थांनी या बदलाला उघड विरोध केला, कारण ध्वजाची खादी हा त्यांच्या कातणाऱ्यांच्या आणि विणकरांच्या उत्पन्नाचा आधार आहे.